हौदावरचं पोरगं

ज्योत्स्नाच्या हाताखालून निम्म्या जालन्याचे संसार गेलेले. म्हंजे फोटोतले. नवीन जालन्यात, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका बियाण्याच्या ऑफिसखाली जिन्याच्या बगलेत त्यांचा स्टुडिओ. नवरा भारत गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नं करत हिंडतो आन् ही कॉम्प्युटरवर बसून अल्बमचं मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हंजे काय, तर नवरीला भोकरदनच्या मंगल कार्यालयातून उचलायचं आन् काश्मीरच्या बर्फात नेऊन उभं करायचं. नवरदेवाचा मामा रुसून लग्नाला आला न्हाई, तर त्याचा कुठला तरी जुना फोटो कातरून त्याला आहेराच्या रांगेत हसत उभं करायचं. मेलेल्या सासऱ्याला सुनेच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचं. एकदा एक बाई आली, म्हणाली, “ताई, ह्या फोटोतून माझी जाऊ काढून टाक, खर्चा मी देते.” दुपारून तीच जाऊ आली. तिलाही तेच पाह्यजे होतं. ज्योत्स्नानं दोघींचे दोन अल्बम केले. दोघी खुश.

ती भोकरदन तालुक्यातली. लग्न होऊन आली तवा कॉम्प्युटरचा माउस विंचू धरावा तसा धरायची. आता तिचा हात डोक्याला न विचारता चालतो. भाकरी थापणारी बाई जशी गप्पा हाणता हाणता भाकरी फिरवते, तसं.

त्या हाताला एक सवय लागलेली होती, आन् पुढं जो घोळ झाला तो तिच्यापायीच झाला, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. अल्बमच्या धंद्यात पानावरच्या माणसानं पानाच्या आत बघायला पाह्यजे. डाव्या पानावरची नवरी डावीकडं बघत असली, तर ती अल्बमच्या बाहेर निघाली असं दिसतं. मंग नवरीची आई म्हणते, “अगं, ही आत्ताच घराबाहेर बघून राह्यली, नांदायची कशी?” त्यावर इलाज सोपा. एक बटन दाबायचं, फोटो आरशात दिसतो तसा फिरतो. डावं ते उजवं, उजवं ते डावं, नवरीचं तोंड आत. आईही निवांत, नवरीही निवांत.

घरात ज्योत्स्नाचे सासरे, रामकिसन. नगरपालिकेतून शिपाई म्हणून रिटायर होऊन जमाना झाला. ऐंशीच्या पार गेलेला माणूस, पण आवाज अजून हाळी मारल्यासारखा. ह्या माणसाजवळ सगळ्या जन्मात एकच गोष्ट होती आन् ती त्यानं वस्तीतल्या कुत्र्यामांजरांनाही ऐकवलेली होती.

“निजामाचं राज्य गेलं त्या टायमाची गोष्ट,” ते सुरू करायचे. “मिल्ट्री जालन्यात शिरली. कोणाच्या गल्लीत पेढे वाटून राह्यले होते, कोणाच्या गल्लीत भेवानं दारं लागली होती. मी एवढुसा. मस्तगडला दगडी हौद होता पाण्याचा, त्याच्या कठड्यावर जाऊन बसलो. समोरून जवान चालले. म्या सलाम ठोकला. डाव्या हातानं! मी जन्माचा डावखुरा. एक जवान माझ्याकडं बघून हसला. आन् तेवढ्यात एका शेठनं डबडा कॅमेरा पोटाशी धरून फोटो काढला. त्या फोटोत मी आहे.”

आता ह्याच्यात न पटण्यासारखं काय, तर हौद. ही छप्पनच्या आधीची गोष्ट, धम्माची दीक्षा व्हायची होती. त्या काळात ह्यांच्या माणसानं हौदाजवळून जाताना सावलीसुद्धा सांभाळायची. तिथं हे पोरगं कठड्यावर चढून बसलं म्हंजे काय? वस्तीतलेच लोक हसायचे. त्यात कचरूबाबा सगळ्यात पुढं. रामकिसनच्या बरोबरीचा, एका मातीत लोळलेला गडी.

“रामक्या, हौदावर कामून बसला? हत्तीवर बसलो होतो म्हण ना. सांगायचंच आहे तर मोठं सांग.”

“आरं, समदे मिल्ट्रीकडं बघून राह्यले होते. माझ्याकडं कोण बघतंय?”

“आन् फोटो?”

“शेठकडं.”

“कोणत्या शेठकडं?”

तिथं रामकिसनचं गाडं अडायचं. शेठचं नाव काही ठाऊक न्हव्हतं. भारतच्या लग्नातही ही गोष्ट झाली, त्यावरून भर मांडवात हशा झाला. ज्योत्स्ना नवी नवरी, तीसुद्धा पदराआड हसली होती. पुढं धंद्यात पडल्यावर तर तिला पक्कंच वाटायला लागलं की मामांनी, म्हंजे सासऱ्यांनी, डोक्यातल्या डोक्यात मिक्सिंग केलेलं आहे. स्वतःला कातरलं आन् हौदावर चिटकवलं. रोज तेच काम करणाऱ्याला दुसऱ्याची चिकटपट्टी लगेच कळते. पण म्हाताऱ्याला मात्र मरायच्या आधी कोणी तरी एकदा म्हणावं असं होतं, की हाव रामकिसन, तू बसला होता. दुसरं काही मागणं न्हव्हतं.

आन् गणपतीच्या आधी एक दिवस गौतमचंद शेठ स्टुडिओत आले. धान्याचे व्यापारी, मूळचं घराणं राजस्थानचं, पण पिढ्या जालन्यातच गेलेल्या. बगलेत बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा.

“ज्योत्स्नाबाई, हे बघा. वडिलांना फोटोचा शौक होता. माळ्यावरून निघालं.”

डब्यात बटर पेपरात गुंडाळलेल्या निगेटिव्ह. ज्योत्स्नानं एक उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या तोंडाचे, पांढऱ्या केसांचे जवान चालले होते.

“मिल्ट्री आली तवाचे,” शेठ म्हणाले. “आता ऐका. मी मोबाइलवर बघितलं, विलायतेत लढाईचे जुने फोटो घेतात, त्याच जागेवर जातात, आजच्या रस्त्याचा फोटो काढतात आन् दोन्ही एकात एक मिसळतात. अर्ध्या रस्त्यात आजच्या मोटारी, अर्ध्या रस्त्यात तवाचा रणगाडा! अंगावर काटा येतो बाई. सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचं प्रदर्शन आहे. आपल्या जालन्याचे असे झाले पाह्यजेत. तुम्ही मिक्सिंगवाल्या, तुम्हीच करू शकता.”

ज्योत्स्नाचं काळीज नुसतं उड्या मारायला लागलं. आजवर तिनं माणसं जिथं न्हव्हती तिथं नेऊन उभी केली. हे काम उलटं. जिथं माणसं खरंच होती, तिथंच त्यांना परत उभं करायचं!

शेठ गेले आन् ती लगेच स्कॅनिंगला बसली. एकेक फोटो पडद्यावर उजळायला लागला. स्टेशन, पूल, ट्रक. आन् मंग तो आला. जवानांची रांग चाललेली, मधी एक बैलगाडी थांबलेली, एका अंगाला दगडी कमान, ओट्यावर उभी एक बाई, आन् मधोमध दगडी हौद. हौदाच्या कठड्यावर उघडंवाघडं पोरगं, हात कपाळाला.

“अगं माय!” ती एवढ्यानं ओरडली की वरच्या ऑफिसातला माणूस जिन्यातून डोकावला.

तिनं फोटो भराभर साफ केला, अल्बमच्या डाव्या पानावर टाकला. जवान पानाच्या बाहेर चालले होते. हातानं आपलं काम केलं. मंग तिनं घरी फोन लावला. “मामा, असाल तसे निघा. ऑटो करा. लवकर!”

रामकिसन आले ते एका पायात स्वतःची आन् एका पायात भारतची चप्पल घालून. ज्योत्स्नानं त्यांना खुर्चीवर बसवलं, पोरगं मोठं करून दाखवलं. म्हातारा पडद्याला नाक लागेस्तोवर वाकला. बघत राह्यला. ज्योत्स्ना हसू दाबून उभी.

“हा मी न्हाई,” रामकिसन म्हणाले.

“काय म्हणता मामा! हौद आहे, पोरगं आहे, सलाम आहे.”

“उजव्या हातानं करून राह्यला तो. म्या जिंदगीत उजव्या हातानं जेवणाबिगर काही केलं न्हाई, तेबी बापानं मारलं म्हणून. आन् कमान माझ्या ह्या अंगाला होती, त्या अंगाला न्हाई. दुसरंच कोणाचं तरी लेकरू आहे हे.” ते उठले. “दुसरंबी कोणी बसलं होतं म्हण की कधी. चांगलं आहे.”

त्या दिवसापासून घरातली गोष्ट बंद झाली. जेवताना न्हाई, पारावर न्हाई. कचरूबाबाला बातमी लागली, तो मुद्दाम दारात येऊन म्हणाला, “काय रे, हौद सापडला म्हणं, तूच हरवला का?” रामकिसननं उलटून एक शिवी दिली न्हाई. तवा ज्योत्स्नाला खरं भेव वाटलं. शिवी न देणारा रामकिसन म्हंजे गडबडच.

इकडं जागा शोधायचं काम सुरू झालं. मिक्सिंगची खुबी अशी, की जुना कॅमेरा जिथं होता बराबर तिथंच उभं राह्यलं पाह्यजे. तरच दगडाला दगड मिळतो. स्टेशनाचा फोटो जुळला, पुलाचा जुळला. स्टेशनाच्या फोटोत तर जुना जवान आजच्या ऑटोला टेकून उभा राह्यला असा दिसायला लागला, ऑटोवाला तो फोटो गल्लीभर दाखवत सुटला. पण हौदाचा फोटो काही केल्या जुळंना. ज्योत्स्ना मस्तगडला दोनदा जाऊन आली. कमानी होत्या, पण जिथं कमान पाह्यजे तिथं गल्ली, आन् जिथं गल्ली पाह्यजे तिथं भिंत.

शेठनी फोटो हातात धरून निकाल दिला. “मस्तगड बिलकुल न्हाई हे. ही ओट्यावरची बाई बघा. पदर उजव्या खांद्यावर. सीधा पल्ला. म्हंजे आमच्यातली बाई. हा फोटो आमच्या गल्लीतला आहे.”

जालन्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मराठी बाईचा पदर डाव्या खांद्यावर, मारवाडी बाईचा उजव्या. त्यामुळं शेठचं म्हणणं कोणी खोडायचं कारणच न्हव्हतं. दुपारच्या उन्हात शेठ पुढं, ज्योत्स्ना मागं, असे दोघं व्यापाऱ्यांच्या गल्ल्या धुंडाळत सुटले. लोकांना तर तमाशाच पाह्यजे. एक म्हणाला, ही आमच्या दुकानाची भिंत. दुसरा म्हणाला, हा बैल आमच्या आज्याचा. एकानं तर ओट्यावरच्या बाईला हात जोडले, की ही आमची मोठी काकू. शेठला राग आला. कारण तवर त्यांनी तिला स्वतःची आत्या करून ठेवलेलं होतं.

घामानं निथळत दोघं शेठच्या घरी आले. शेठाणी लाडबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला आन् पदरानं हात पुसत म्हणाल्या, “बघू तरी, कोणती आत्या सापडली ती.”

ज्योत्स्नानं मोबाइलवर फोटो उघडून दिला. लाडबाईंनी दोन बोटांनी बाई मोठी केली. आणखी मोठी केली.

“आ लुगाई आपणी कोनी,” त्या म्हणाल्या. आन् मंग मराठीत, “ही आमची बाई न्हाई.”

“डोळे तपास. पल्ला बघ,” शेठ म्हणाले.

“पल्लाच बघून राह्यले. आमचा पदर मागून पुढं येतो. हिचा पुढून मागं चालला. आन् खाली बघा जरा, बैलाच्या शिंगामागं. काष्टा आहे! तुमच्या आत्यानं कधी काष्टा घातला होता?”

शेठ पडले गार. “मंग मराठी म्हण.”

“मराठी कशी म्हणू? नऊवारी नेसून उजव्या खांद्यावर पदर घेणारी बाई अजून जन्माला यायची आहे. आरशात बघितल्यावर दिसते तेवढीच.”

ज्योत्स्नाचा कप ओठाला लागला होता, तो तिथंच थांबला. आरसा. तिनं कप ठेवला, मोबाइल जवळजवळ हिसकला आन् अंगठ्यानं बटन दाबलं. जवान फिरले. बैल फिरला. कमान ह्या अंगाची त्या अंगाला गेली. बाईचा पदर सुरकन डाव्या खांद्यावर आला. आन् कठड्यावरच्या पोराचा हात पण फिरला. डावा!

“शेठजी!” ती उभीच राह्यली. “म्या फोटो उलटा केलाय! जवान पानाच्या बाहेर चालले होते, म्हणून… म्हणून म्या त्यांना आत वळवलं!”

“आत? कशाच्या आत?”

“अल्बमच्या!”

“अरे बाई,” शेठ कपाळाला हात लावून ओरडले, “मिल्ट्री आहे ती! नांदायला चालली का?”

लाडबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत सुटल्या. ज्योत्स्नालाही हसू आवरंना, पण पायात चप्पल सरकवून ती दाराबाहेर पडलीही होती.

घरी रामकिसन पलंगावर पडलेले. ज्योत्स्नानं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. “मामा, उठा. तुम्ही बराबर होता. सून चुकली. फोटो म्या फिरवला होता.”

म्हाताऱ्यानं बघितलं. डोळे मिटले, परत उघडून बघितलं. मंग असा काही आवाज काढला की शेजारची कोंबडी उडाली.

“वा रे वा! समद्या गावानं खोटं पाडलं. शेवटाला पुरावा आला, तर घरच्या सुनंनं उलटा केला!”

“शिव्या मागून द्या. आधी चला.”

“कुठं?”

“मस्तगडला. हौदावर बसायला.”

ऑटोत रामकिसन पुढं ड्रायव्हरच्या बाजूला बसले आन् रस्ताभर त्यालाच गोष्ट सांगत राह्यले. मस्तगडला उतरल्यावर मात्र ज्योत्स्नाला म्हाताऱ्याच्या मागं पळावं लागलं. कमान सापडायला पाच मिनटं लागली न्हाईत. तीच, कोपऱ्याचा दगड उडालेली. तिच्यावर आता लाइटचे मीटर ठोकलेले, वाढदिवसाचा एक फ्लेक्स लटकलेला. पण दगड तेच. ओटा पण होता, वर फरशी बसवलेली. हौद मात्र गेला. त्याच्या जागी पंक्चरचं दुकान, बाहेर टायरची थप्पी आन् ट्यूब बुडवून बघायची पाण्यानं भरलेली पाटी.

ज्योत्स्ना मोबाइलवर जुना फोटो अर्धा पारदर्शक करून डोळ्यासमोर धरत मागं सरकायला लागली. आणखी मागं. थोडं खाली. भाजीवाल्या बाईच्या टोपलीत पाय पडता पडता वाचला. आन् एकदम जुन्या कमानीचा उडालेला कोपरा आजच्या उडालेल्या कोपऱ्यावर जाऊन बसला, कुलुपात किल्ली फिरावी तसा. ओट्यावर ओटा. गल्लीवर गल्ली.

“जुळलं!” ती ओरडली. “शेठजींचे वडील इथं उभे होते! बराबर इथं!”

गर्दी जमायला वेळ लागतो का? मोटारसायकली थांबल्या. पंक्चरवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“दादा, आमच्या मामांना टायरवर बसू द्या. हौदाचा कठडा तेवढाच उंच होता.”

“बसू द्या की. पण काय आहे हे?”

“मिल्ट्री चालली,” रामकिसन त्याला म्हणाले आन् दोघांच्या खांद्याचा आधार घेऊन टायरवर चढले. पाय लोंबकळवले. रस्त्याकडं बघितलं. तिथं कोणी जवान न्हव्हता. एक टँकर, दोन स्कुट्या आन् क्लासहून सुटलेल्या पोरी होत्या. म्हाताऱ्यानं छाती काढली आन् डावा हात कपाळाला नेला. पोरी थांबल्या. त्यातल्या एकीनं नकळत परतून सलाम केला. ज्योत्स्नानं पटापट फोटो काढले, एकामागून एक.

त्या फोटोचं मिक्सिंग करताना ती लई घोटाळली. पोरगं आन् म्हातारा, दोघंही एकाच जागी बसलेले. कोणाला ठेवायचं? शेवटी तिनं पोराला जरासा पुसट ठेवला आन् म्हाताऱ्याला त्याच्या बगलेत बसू दिलं. अर्धा दगडी कठडा, अर्धे टायर. रस्त्यावरून जवानांची रांग येते, ती टँकरमधून आरपार निघते आन् पोरींच्या दप्तराजवळ विरून जाते. आन् जवान पानाच्या बाहेर चाललेले, ते तिनं तसेच चालू दिले.

सतरा तारखेला झेंडावंदनानंतर प्रदर्शन उघडलं. गर्दी अशी, की गौतमचंद शेठनाच आत शिरायला जागा न्हव्हती. लाडबाई ओट्यावरच्या बाईसमोर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना पदराची गोष्ट सांगून राह्यल्या होत्या. रामकिसन कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आपल्या फोटोच्या बगलेतच खुर्ची टाकून बसले. कोणी “जय भीम बाबा” म्हणून वाकलं, की “आधी फोटो बघ,” म्हणायचे.

कचरूबाबा आला तो सगळ्यात शेवटी. काठी टेकत फोटोसमोर उभा राह्यला. सगळी वस्ती त्याच्या तोंडाकडं बघून राह्यली होती, आता काय म्हणतो म्हणून. ज्योत्स्नाही हातातलं काम टाकून आली.

“बसला होता लेका तू,” कचरूबाबा म्हणाला.

रामकिसननं नुसती मान हलवली. पण खुर्चीत इंचभर वर झाल्यासारखे दिसले.

“मला ठाऊकच होतं,” कचरूबाबा पुढं म्हणाला.

“ठाऊक होतं? आन् जिंदगीभर हत्तीवर बसवलं मला?”

“मंग काय करू! मी खाली उभा होतो, बैलाच्या आड. तू म्हणला, चढ. माझी छाती झाली न्हाई. तू वर चढला आन् रोज रोज सांगत सुटला. ऐकवंना मला.”

रामकिसन खुर्चीतून उठले. “थापा नको मारू! तू तिथं न्हव्हताच. मी एकटा होतो.”

“होतो!”

“समदं गाव आता हौदावर बसायला येईल बघ!”

“हौदावर न्हाई म्हणत, बैलाच्या आड म्हणून राह्यलो!” कचरूबाबानं काठी आपटली आन् ज्योत्स्नाकडं वळला. “पोरी, तुझ्या मशिनीत मोठं कर गं हे. ह्या बैलाच्या पायाजवळ बघ.”

ज्योत्स्नानं मोबाइलवर मूळ फोटो काढला. दोन बोटांनी बैल मोठा केला. पोट, गुडघे, खूर. बैलाच्या मागच्या पायाच्या पलीकडं, धुळीत, दोन बारके काटकुळे पाय उभे होते. माणसाचे.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “पाय तर दिसून राह्यले.”

“कोणाचेबी असतील!” रामकिसन कडाडले.

“माझे आहेत!”

“पायावर नाव लिहिलंय का तुझं?”

दोन्ही म्हातारे एका मोबाइलवर डोकं घालून भांडायला लागले. मागं रांग थांबली, पुढच्यांनी मागच्यांना पायाची बातमी दिली, आन् मागचे टाचा उंचावून बैलाकडं बघायला लागले. ज्योत्स्ना मनातल्या मनात हिशेब करायला लागली, की उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी कचरूबाबाला मस्तगडला न्यायचं, आन् टायरच्या थप्पीच्या खाली, उजव्या अंगाला, कुठं उभं करायचं.